हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर

युरोपियन युनियन म्हणजे काय, हे आपल्या कट्ट्यावर विचारून बघा. उत्तरं येतील: शेंगेन व्हिसा, युरो, ब्रेक्झिट. त्यापुढे गाडी अडते. शेंगेन आणि युनियन हे एकच नव्हेत, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युनियनमध्ये नाही. आयर्लंडचं नेमकं उलट. "पण आपल्याला काय करायचंय?" असं कोणी म्हणालंच, तर मी ग्वाल्हेरची असल्यामुळे मला बोलावंसं वाटतं.

युरोपच्या संसदेची एका गोष्टीवरून नेहमी चेष्टा होते. समित्यांचं काम ब्रसेल्सला चालतं आणि मुख्य अधिवेशनांसाठी सगळा लवाजमा स्ट्रासबर्गला निघतो. केवढा हा खर्च! पण ग्वाल्हेरकरांनी तरी यावर हसू नये. २८ मे १९४८ ला ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून 'मध्य भारत' हे राज्य झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. मग राजधानी कुठे? तोडगा निघाला: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. कागदावर वेडेपणा वाटतो खरा, पण दोन मानी घरं एका छपराखाली आणायची, तर एवढी किंमत मोजावीच लागते.

दुसरी किंमत मात्र कोणी मोजत नाही. ती म्हणजे, हे घर चालतं कसं ते लोकांना समजावून सांगणं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि राजधानी भोपाळला गेली. राज्य जोडताना सार्वमत नव्हतं, मोडतानाही नव्हतं. आज आमच्याकडे महादजी शिंद्यांच्या गोष्टी घरोघर निघतात. पण मोती महालात विधानसभा भरायची, हे किती मुलांना ठाऊक आहे?

युरोपात तर मत विचारतात. तरीही २०२४ च्या संसद निवडणुकीत जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केलं. ब्रिटनने २०१६ मध्ये सुमारे ५२ टक्क्यांनी बाहेरचा रस्ता धरला. संघ आपल्याला काय देतो हे ज्याला माहीत नाही, त्याला फक्त काय गेलं तेवढंच दिसतं. मग भडकवणाऱ्याचं काम सोपं होतं.

म्हणून या सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांना एक विचारा: १९५६ ला किंवा १९६० ला आपलं राज्य बदललं, तेव्हा आपल्या गावाचं काय गेलं आणि काय मिळालं? उत्तर लिहून आणा. पुढच्या अंकात जागा ठेवायला सांगते.