परक्याच्या ओंजळीने पाणी

कर्जतहून भीमा ओलांडून इंदापूर तालुक्यात गेले की वालचंदनगर लागते. शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाच्या या गावी, जेथे साखर कारखान्यांची यंत्रे घडतात, तेथेच भारताच्या अग्निबाणांच्या मोटारींची पोलादी आवरणेही घडतात. ‘अवकाश हा दिल्ली-बंगळूरचा विषय; आम्हां दुष्काळी मुलखातील माणसांस त्याचे काय?’ असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे. हा उद्योग शास्त्रज्ञांचा आहे, तसाच तो लेथवर उभ्या असलेल्या कारागिराचाही आहे.

त्यास सरकारने आश्रय द्यावा, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. १९९१ साली भारताने क्रायोजेनिक इंजिनांसाठी सोव्हिएत संस्थेशी करार केला. १९९२ साली अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ साली रशियाने त्यामागील विद्या देण्याचे नाकारले. स्वतःच्या अशा इंजिनाच्या बळावर उपग्रह कक्षेत पोचविण्यास आपल्याला जानेवारी २०१४ उजाडावा लागला. परक्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान परक्याच्या मर्जीनेच भागते. सीमेवर पाळत ठेवणारा उपग्रह ऐन युद्धात निकामी झाला, तर दुसरा धाडण्यासाठी आपण कोणाच्या दारी उभे राहावयाचे?

सरकार स्वस्थ बसले आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२० साली खाजगी उद्योगांस या क्षेत्राचे दार उघडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवउद्योगांसाठी १,००० कोटी रुपयांचा भांडवली निधी मंजूर झाला. त्याच महिन्यात पाळतीच्या ५२ उपग्रहांची योजना संमत झाली व त्यांतील ३१ खाजगी उद्योगांकडे सोपविण्याचे ठरले. परंतु नुसत्या भांडवलाने उद्योग उभा राहत नाही. उसाला कर्ज मिळाले आणि तोडीची तारीखच मिळाली नाही, तर शेतकऱ्याचे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कारखानदारास हवी असते ती मागणीची शाश्वती. पुढील दहा वर्षांत किती उड्डाणे विकत घेणार, हे सरकारने आजच सांगावे.

आश्रयाबरोबर हिशेबही आला. १८ मे २०२५ रोजी, पाकिस्तानशी झालेला संघर्ष थांबून आठवडाच झाला असताना, ‘पीएसएलव्ही’ यान तिसऱ्या टप्प्यातील बिघाडाने अपयशी ठरले व टेहळणीस उपयुक्त असा उपग्रह गमावला. चौकशी झाली, पण वर्ष सरेपर्यंत तिचा अहवाल जनतेपुढे आला नव्हता. १२ जानेवारी २०२६ रोजी त्याच जातीच्या यानाचा तिसराच टप्पा पुन्हा दगा देऊन गेला. या खेपेस संरक्षण खात्याच्या उपग्रहाबरोबर देशातील तरुण उद्योजकांचे उपग्रहही बुडाले.

अपयश हा गुन्हा नव्हे. अग्निबाणांच्या विद्येत ते पदोपदी येते. पण अपयशाचे कारण झाकून ठेवणे, हे राष्ट्रीय सुरक्षिततेच्या नावाखालीही क्षम्य नव्हे. लष्करी गुपिते खुशाल राखावीत. कोठे चुकले, ते मात्र सांगावे. ज्या उद्योजकाने आपले सर्वस्व त्या यानावर ठेवले, त्यास आणि ज्याच्या करातून ते उडाले, त्या नागरिकास एवढे जाणण्याचा अधिकार आहे. सरकारने पैसा द्यावा, मागणीची हमी द्यावी आणि हिशेबही द्यावा. यांतील एक जरी राहिले, तरी ओंजळ परक्याचीच राहील.