योजनेची मार्कशीट कुठे आहे?

सुट्टीत गावी गेलात की एकदा ओढ्याकडे चक्कर मारा. सिमेंटचा एखादा नाला बांध दिसेल, शेजारी लोखंडी फलक दिसेल. फलकावर योजनेचं नाव, कामाचं नाव, कधी कधी रक्कमही लिहिलेली असते. रंग उडालेला, अक्षरं पुसट झालेली. बांधात पाणी साठतं की नुसता गाळ आणि वेडी बाभळ, हे मात्र फलकावर नसतं. ते आपणच बघायचं.

मित्रमैत्रिणींनो, आज बोलायचंय ते फलकावर न लिहिलेल्या याच ओळीबद्दल. आपल्या प्रत्येक सेमिस्टरचा निकाल लागतो. विषय राहिला तर केटी लागते आणि ती सोडवल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. सरकारी योजनेचं तसं नसतं. तिला नाव असतं, घोषवाक्य असतं, शुभारंभाची तारीख असते. निकालाची तारीख नसते. त्यामुळे योजना पास झाली की नापास हे ठरायच्या आत ती पुढच्या वर्गात जाऊन बसते.

उदाहरण घ्यायचं तर घरचंच घेऊ. डिसेंबर २०१४ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारनं जलयुक्त शिवार अभियान सुरू केलं. घोषवाक्य होतं, ‘सर्वांसाठी पाणी, टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’. दरवर्षी ५ हजार गावं टंचाईमुक्त करायची, असं ठरलं. कल्पना चांगलीच होती. वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली मृद आणि जलसंधारणाची कामं एका छत्राखाली आली. बांधबंदिस्ती, शेततळी, नाला खोलीकरण, जुन्या तलावांतला गाळ काढणं, सगळं एकत्र. अनेक गावांत लोकांनी वर्गणी काढली, श्रमदान केलं, डिझेलचा खर्च उचलला. त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला उत्साह खोटा नव्हता.

मग २०१८चा पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबरअखेर सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आणि मे २०१९ मध्ये, म्हणजे टंचाईमुक्तीसाठी ठरलेल्या वर्षातच, राज्यात सहा हजारांहून अधिक टँकर धावत होते.

आता कुणी म्हणेल, पाऊसच पडला नाही तर बंधारा काय करणार? प्रश्न रास्त आहे. नुसते टँकर मोजून योजनेला नापास ठरवणं अन्यायाचं होईल. पण मग निकाल लावायचा कसा? पाऊस किती पडला, त्यातलं किती अडलं, किती मुरलं, विहिरींची पातळी किती वाढली आणि ते पाणी कुठल्या पिकाला गेलं, ही पाच उत्तरं गावागणिक हवीत. ती असतील तर पावसाचा दोष किती आणि कामाचा दोष किती, हे वेगळं काढता येतं. ती नसतील तर दुष्काळात सगळं खापर पावसावर आणि चांगल्या पावसात सगळं श्रेय योजनेला!

हा हिशेब तपासायची एक घटनात्मक यंत्रणा आपल्याकडे आहे. भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे आपल्या बोलण्यातलं ‘कॅग’. त्यांनी सहा जिल्ह्यांतल्या १२० गावांत जाऊन जलयुक्तची कामं तपासली. सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात त्यांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. खर्चाचा आकडा होता सुमारे ९,६३४ कोटी रुपये. आणि निष्कर्ष असा की, गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही.

यानंतर काय व्हायला हवं होतं? कुठल्या गावात काम टिकलं, कुठे वाहून गेलं, का गेलं, यावर चर्चा व्हायला हवी होती. झालं काय? ऑक्टोबर २०२० मध्ये उद्धव ठाकरे यांच्या सरकारनं विशेष पथकाकडून चौकशीचा निर्णय घेतला. दोन्ही बाजूंनी पत्रकार परिषदा रंगल्या. जून २०२२ मध्ये सरकार बदललं आणि डिसेंबर २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळानं ‘जलयुक्त शिवार २.०’ला मंजुरी दिली. एका सरकारला तो अहवाल विरोधकांवर उगारायची काठी वाटला, दुसऱ्याला बदनामीचं हत्यार. त्या १२० गावांतल्या माणसाला मात्र तो अहवाल कुणी वाचून दाखवला नाही.

हे फक्त एका पक्षाचं किंवा एका योजनेचं दुखणं आहे, असं समजू नका. त्याआधी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळात, राज्याच्या २०११-१२च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र ०.१ टक्क्यानंच वाढल्याचं दिसलं आणि गदारोळ उडाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच सरकारनं श्वेतपत्रिका काढली, तिच्यात वाढीचा आकडा वेगळाच होता. सरकार एक, जमीन एक, कागद दोन आणि उत्तरंही दोन. मोजायची पद्धतच ठरलेली नसेल तर जबाब कुणाला आणि कसा विचारायचा?

कायद्यांचंही तेच. जमिनीखालचं पाणी कुणी, किती खोलवरून उपसायचं, यासाठी महाराष्ट्रानं २००९ मध्ये भूजल कायदा केला. तो अमलात आला २०१४ मध्ये. नियमांचा मसुदा लोकांपुढे आला २०१८ मध्ये. कायदा केला तेव्हा बालवाडीत असलेलं पोर मसुदा येईपर्यंत आठवी-नववीत पोचलं. या नऊ वर्षांत किती बोअर किती फूट खाली गेले, ते गावातल्या कुणालाही विचारा. वरून बंधारे बांधायचे आणि खालून उपसा मोकाट ठेवायचा, हे फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखं आहे.

म्हणजे हिशेब ठेवणं जमतच नाही का? जमतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात किंवा रीलमध्ये पाहिलं असेल. तिथल्या टेकड्या हिरव्या झाल्या, एवढंच आपल्याला दाखवतात. खरी गोष्ट कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच महत्त्वाची. तिथे गाव पाऊस मोजतं. त्या वर्षी किती पाणी हाताशी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. आधी पिण्याचं, मग जनावरांचं, मग शेतीचं. पाणी कमी असेल तर कुठलं पीक घ्यायचं नाही, हेही तिथेच ठरतं. शेतीसाठी बोअर नाही आणि ऊस नाही, हे नियम गावानं स्वतःवर घालून घेतले. पोपटराव पवारांचं नेतृत्व होतंच, पण ते नेतृत्व टिकलं ते दरवर्षी सगळ्यांसमोर उघड्या वहीमुळे.

ही पद्धत एकाच गावापुरती राहायचं कारण नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाडा आणि विदर्भातल्या हजारो गावांसाठी पाण्याचे ताळेबंद करायचं काम झालं, त्याला आयआयटी मुंबईची मदत होती. म्हणजे तंत्र आहे, माणसं आहेत. कमी आहे ती ताळेबंद चावडीवर वाचायची आणि त्यावर प्रश्न विचारायची सवय.

आणि आता ही सवय लावून घेणं लांबणीवर टाकता येणार नाही, कारण पाऊस आपलं वेळापत्रक पाळेनासा झालाय. ज्या मराठवाड्यात आणि सोलापुरात आपण टँकर बघत आलो, तिथेच सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं गावंच्या गावं पाण्यात बुडवली. उभं पीक गेलं, काही ठिकाणी माती खरवडून गेली, गोठ्यातली जनावरं वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा आहे. त्यातला नवा पैसा किती आणि आधीच्याच योजनांचा किती, कुणाच्या खात्यात कधी आला, खरवडलेल्या रानात माती कधी पडली, हा त्याचा निकाल. तो मोजायला बसलो नाही तर २०२५चं पॅकेजही २०१९च्या घोषवाक्याशेजारी जाऊन बसेल.

मग आपण काय करायचं? स्टेटस टाकून मोकळं व्हायचं नाही, एवढं नक्की. एक गाव निवडा, त्यातलं एक काम निवडा. ओढ्यावरचा तो फलकवाला बांधच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून फापटपसारा नको. मागायचं एवढंच: कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील करा. प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम तपासायचा हक्कही याच कायद्यानं दिलाय. सिव्हिल किंवा कृषी शिकणारा एखादा मित्र बरोबर न्या, टेप लावा. पुस्तिकेतली लांबी-रुंदी आणि जमिनीवरची लांबी-रुंदी जुळते का, ते बघा.

मग ते कागद घेऊन ग्रामसभेत जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा आपल्याला शाळेपासून पाठ आहेत, पण त्या झेंडावंदनाच्या आणि सुट्टीच्या म्हणून. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. अठरा पूर्ण झाली आणि यादीत नाव लागलं की सरपंचाइतकाच बोलायचा हक्क तुम्हालाही आहे. शहरात राहत असाल तर कॅगचे अहवाल इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. आपल्या जिल्ह्याचं नाव शोधा, त्यातली दोन पानं काढा आणि गावाकडच्या चुलतभावाला पाठवा.

हे सोपं आहे, असं खोटं सांगणार नाही. अर्जाचं उत्तर गोलमाल येईल. दुसरं अपील माहिती आयोगापुढे महिनोन्‌महिने पडून राहील. ‘कालची पोरं, आम्हाला शिकवायला लागली’ असं पारावर कुणीतरी म्हणेल. ठेकेदार ओळखीचाच निघेल, कदाचित नात्यातलाही. म्हणून एकट्यानं जाऊ नका, चौघं-पाच जण मिळून जा. आणि भांडायला जाऊ नका, मोजायला जा. मोजलेला आकडा समोर ठेवला की आवाज चढवावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळा. काम चांगलं झालं असेल तर तेही तितक्याच मोठ्यानं सांगा. ज्या कृषी सहायकानं उन्हात उभं राहून बांध नीट घालून घेतला, त्याचं नाव ग्रामसभेच्या इतिवृत्तात आलं पाहिजे. नुसतं नापास करणाऱ्या परीक्षकावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सरकार कुणाचंही येवो, नवी योजना जाहीर होईल, नवं नाव आणि नवं घोषवाक्य येईल. त्या दिवशी टाळ्या जरूर वाजवा. फक्त डायरीत एक तारीख लिहून ठेवा, बरोबर एका वर्षानंतरची. त्या दिवशी ओढ्यावर जायचं आणि फलकावर नसलेली ओळ आपण वहीत लिहायची: पाऊस एवढा पडला, पाणी एवढं अडलं, विहीर एवढी भरली. आणि येत्या ग्रामसभेत उभं राहून ती वाचून दाखवायची.