भाव विकण्याआधी विचारा

नरडाण्याच्या फाट्यावर चहा पिताना एमआयडीसीलगतच्या जमिनीचा भाव विचारून बघा. कप हातात येण्याआधी तीन उत्तरं मिळतील. बोरविहीर-नरडाणा रेल्वेमार्गाचं भूसंपादन निघाल्यापासून तर ज्याच्या नावावर गुंठाही नाही, तोही रेडी रेकनर आणि बाजारभाव यांतला फरक समजावून सांगतो. आता त्याच बाकड्यावर विचारा, आपल्या मशिदीच्या, दर्ग्याच्या, कब्रस्तानच्या जमिनीचं क्षेत्र किती आणि भाव काय? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मीही त्यातलाच होतो.

ही बेफिकिरी किती महाग पडते, ते मुंबईच्या अल्टामाउंट रोडवर दिसतं. आज जिथे 'अँटिलिया' उभी आहे, ती जमीन करीमभाई इब्राहिम खोजा यतीमखान्याची होती. २००२ मध्ये ४,५३२ चौरस मीटर जागा २१.०५ कोटींना विकली गेली. मी इंजिनिअर माणूस, आधी भागाकार करतो. चौरस फुटाला साधारण ४,३०० रुपये. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते तेव्हाचा बाजारभाव किमान दीडशे कोटी होता, म्हणजे सातपट.

कुणी म्हणेल, धर्मादाय आयुक्तांची परवानगी होती, मग तक्रार कसली? तक्रार हीच. १९९५ च्या वक्फ कायद्याच्या कलम ५१ नुसार वक्फ मिळकत विकायला वक्फ मंडळाची पूर्वमंजुरी लागत होती. मंडळाने तो मुद्दा उचलला, आणि पुढे १६ लाख रुपये भरले गेल्यावर हरकत मागेही घेतली. वाद उच्च न्यायालयात गेला, वर्षानुवर्षं चालला. दरम्यान सत्तावीस मजले चढले. निकाल काहीही लागो, इमारत पाडून कुणी यतीमांना जमीन परत देणार आहे का?

दोस्तहो, आपण अँटिलियाचे फोटो फॉरवर्ड करून अंबानींना शिव्या घालतो. घेणारा स्वस्तात मागणारच. अमानत सांभाळायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि त्याला जाब विचारायची आपली.

सच्चर समितीने २००६ मध्येच हिशोब मांडला होता. देशातल्या वक्फ मिळकतींची कागदोपत्री किंमत ६,००० कोटी, बाजारभावाने अंदाजे १.२ लाख कोटी, आणि वर्षाचं उत्पन्न जेमतेम १६३ कोटी. वीसपट फरक! २०१३ च्या दुरुस्तीने वक्फ मिळकतीची विक्री बेकायदा ठरवली, पण कवडीमोल भाड्याने दिलेली जमीन न विकताही हातची जातेच.

म्हणून सांगतो, आपल्यातल्या शिकलेल्यांनी एक रविवार द्या. गावच्या वक्फ जमिनीचा सातबारा काढा, क्षेत्र जुळवा, रेडी रेकनरचा दर शोधा, सध्याचं भाडं त्याशेजारी लिहा. 'उमीद' पोर्टलवर नोंद झाली का, ते मुतवल्लींना विचारा. मग तो एक कागद जुम्याच्या नमाजनंतर सगळ्यांसमोर वाचा.

बापजाद्यांच्या शेताचा भाव आपल्याला तोंडपाठ आहे. यतीमांच्या जमिनीचाही असायला हवा.