मानेला झटका देण्यापूर्वी : कायरोप्रॅक्टिकविषयी नव्या रुग्णास काय सांगावे?

गेल्या काही वर्षांत आपल्या बाह्यरुग्ण कक्षात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. मान किंवा कंबर दुखते म्हणून आलेला रुग्ण खिशातून मोबाईल काढतो, एक चित्रफीत दाखवतो आणि विचारतो, "डॉक्टर, हे करून घेऊ का?" चित्रफितीत टेबलावर झोपलेल्या माणसाची मान एका झटक्यात वळवली जाते, 'कट्' असा आवाज होतो आणि तो हसत उठून बसतो. दिघाशी-अंबाडी पट्ट्यात हे विचारणारे बहुधा यंत्रमागावर उभ्याने पाळी करणारे, गोदामांत गाठी उचलणारे, नाहीतर भिवंडी-वाडा रस्त्याने रोज दुचाकीवर ये-जा करणारे असतात. (त्या रस्त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

या प्रश्नावर आपल्यापैकी काही जण 'ते सगळे थोतांड' म्हणून विषय झटकतात, तर काही 'आपल्या सुश्रुताने हे आधीच सांगितले आहे' असे म्हणून संमती देऊन टाकतात. ही दोन्ही उत्तरे रुग्णाच्या उपयोगाची नाहीत. निदान झाल्याशिवाय पाठीच्या कण्यास झटका देऊ द्यायचा नाही आणि मानेचा झटका तर टाळायचाच, हे त्याला कारणांसह सांगणे हे प्रथम भेटणाऱ्या वैद्याचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाताने हाडे 'बसवण्या'चे आकर्षण आपल्या समाजाला नवे नाही. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत खेडोपाडी अजून आहे. लचक बसवणारे हाडवैद्य आहेत, आणि दाढी झाल्यावर गिऱ्हाईकाची मान दोन्ही बाजूंना मोडून देणारे सलूनही आहे. या शेवटच्या सवयीकडे आपण फार सौम्यपणे पाहतो. २०१७ साली दिल्ली परिसरात सलूनमध्ये मान मोडून घेतलेल्या एका गृहस्थाच्या श्वासपटलाच्या मज्जातंतूला इजा होऊन श्वसनाची गंभीर अडचण उद्भवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. मोबाईलवरील चित्रफीत रुग्णाला चटकन पटते, कारण तिची पूर्वतयारी गावात आधीच झालेली असते.

कायरोप्रॅक्टिकचा उगम मात्र अमेरिकेतील. आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर हा चुंबकीय उपचार करणारा गृहस्थ होता. १८९५ साली त्याने हार्वे लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका हाताने सरकवला आणि त्यास ऐकू येऊ लागले, असा त्याचा दावा होता. त्यावरून बहुतेक सर्व व्याधींचे मूळ मणक्यांच्या सरकण्यात, म्हणजे 'सबलक्सेशन'मध्ये आहे, असा सिद्धांत त्याने मांडला. परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये त्यास तुरुंगवासही घडला. पुढे या व्यवसायाने महाविद्यालये काढली आणि कायदेशीर मान्यता मिळवली. ब्रिटनमध्ये १९९४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पण त्याच कायद्याखालील जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० मध्ये जाहीर केले की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना असून ती रोगाचे कारण असल्याच्या दाव्यास संशोधनाचा आधार नाही. दमा, मधुमेह, वंध्यत्व हे सारे 'मणका सरळ करून' बरे होईल असे कोणी रुग्णास सांगत असेल, तर त्या व्यवसायाच्या स्वतःच्या नियामक संस्थेचे हे म्हणणे त्यास अवश्य ऐकवावे.

आवाजाचा भ्रमही दूर केला पाहिजे. 'कट्' झाले म्हणजे मणका जागेवर बसला, अशी रुग्णाची ठाम समजूत असते. वस्तुतः सांध्याचे पृष्ठभाग एकदम दूर होताना आतील द्रवात वायूची पोकळी निर्माण होते आणि तोच हा आवाज. २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी बोटांच्या सांध्याचे एमआरआय चित्रण करून तो क्षण टिपला. बोटे मोडताना होणारा आवाज आणि टेबलावरचा आवाज यांत जातीचा फरक नाही. थोडा वेळ हलके वाटते हे खरे. हाड सरकून बसले हे खरे नव्हे.

मग उपयोग काहीच नाही का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण न सापडणाऱ्या, नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत कण्यावरील हस्तोपचाराने वेदना काही प्रमाणात कमी होते, असे २०१७ च्या आढाव्यांत दिसले. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने अशा कंबरदुखीत औषधांपूर्वी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मर्दन आणि ॲक्युपंक्चर यांच्या जोडीने त्याचाही समावेश केला. पुरावा दुर्बळ असल्याचेही नमूद केले. शेक आणि मर्दन! जे रुग्णाला आपल्याकडे अभ्यंग-स्वेदनाच्या रूपाने मिळते, आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत उतरून आमच्या तालुक्यातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या जे शोधतो, त्याच पंगतीत हा उपचार बसतो. चमत्काराच्या पंगतीत नाही.

मानेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मेंदूच्या मागील भागास रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. मानेस जोराचा पीळ बसल्यास त्यांचे आतील अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघात येऊ शकतो. असे क्वचित घडते. शिवाय २००८ च्या कॅनडातील एका अभ्यासाने असाही विचार मांडला की धमनी आधीच फाटू लागल्यामुळे मान दुखणारा रुग्णच उपचाराला जात असावा, कारण सामान्य डॉक्टरांकडे गेलेल्यांतही तसाच संबंध आढळला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये कार्यकारणभाव सिद्ध न मानता, मानेच्या झटक्यापूर्वी रुग्णास या संबंधाची कल्पना द्यावी, असे म्हटले. माझा निष्कर्ष अधिक कडक आहे. मान अचानक व कधी नव्हे इतकी दुखणाऱ्या रुग्णाची धमनी आधीच फाटत असण्याची शक्यता असेल, तर त्या मानेला झटका देणे हे सर्वांत शेवटी करायचे काम आहे.

आता सुश्रुताविषयी. भग्नचिकित्सेत आञ्छन, पीडन, संक्षेप व बंधन ही चार कर्मे आली आहेत, हे आपण सर्व जाणतो. परंतु मान वळलेली वा आत बसलेली असता काय करावे, ते पुन्हा काढून वाचावे. मानेचा मागील भाग व हनुवटी धरून वर उचलण्यास तेथे सांगितले आहे, नंतर कुशा लावून बंधन आणि सात रात्री उताणे निजवणे. पीळ देण्यास सांगितलेले नाही. हे विधानही भग्नासाठी आहे, रोजच्या मानदुखीसाठी नव्हे. ज्या ग्रंथाने मानेतील मातृकांना सद्यःप्राणहर आणि कृकाटिकांना वैकल्यकर मर्मांत गणले, त्या ग्रंथाच्या नावाने मानेच्या झटक्यास आशीर्वाद देणे मला पटत नाही.

आमच्या भागात याहूनही मोठी भीती क्षयाची आहे. मागाच्या खोलीत दाटीवाटीने राहणारा तरुण कामगार 'गाठ उचलताना कंबर भरली' असे सांगतो. विचारल्यावर संध्याकाळचा बारीक ताप आणि सैल झालेला कमरपट्टा कळतो. हाडांच्या क्षयापैकी सुमारे निम्मा पाठीच्या कण्यात असतो. पोखरलेल्या मणक्यास झटका बसला तर पाय कायमचे जाऊ शकतात. रात्री वाढणारी वेदना, वजनातील घट, पूर्वीचा कर्करोग, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉईड, वृद्धेची ठिसूळ हाडे, पायातील वाढता अशक्तपणा, यांपैकी काहीही असल्यास आधी क्ष-किरण व रक्ततपासणी. लघवी अडणे वा गुदभागी बधिरता असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय. गृध्रसी म्हणून कटिबस्ती सुरू करण्यापूर्वी आपल्यालाही हाच नियम लागू आहे.

एक अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. दोन-तीन दिवसांची कार्यशाळा करून आपल्याच काही पदवीधरांनी दवाखान्यावर 'कायरोप्रॅक्टिक' अशी पाटी चढवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत पूर्ण शिक्षणासाठी चार वर्षे व किमान ४२०० तास सांगितले आहेत. आधीच वैद्यकीय पदवी असलेल्यांनाही किमान १००० तासांचे देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. भारतात या शाखेची वैधानिक परिषद नाही; म्हणून कोण शिकलेला आणि कोण नाही, हे रुग्णाला पाटीवरून कळत नाही. परदेशी पदवी असली तरी तो अस्थिरोगतज्ज्ञ नसतो, हेही त्यास ठाऊक नसते. आपली नोंदणी आयुर्वेदाची आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने न शिकलेल्या पद्धतीचा उपचार करणे हाच निष्काळजीपणा ठरवला. तो खटला होमिओपॅथीच्या पदवीधराने दिलेल्या ॲलोपॅथिक औषधांचा होता. पण तत्त्व आपल्यालाही लागू पडेल, याची जाणीव पाटी रंगवणाऱ्याने ठेवावी.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. कंबर धरून आलेला माणूस अनेकदा आमच्याआधी आपल्याकडे येतो, महानारायण तेलाची बाटली आणि वेदनाशामक गोळी घेतो, आणि 'मणका बसवणारा कोणी आहे का' असेही तिथेच विचारतो. अशांची व्हिजिटिंग कार्डे काउंटरवर ठेवू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, ताप येतो का, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर 'हो' आले, तर तेल देण्याआधी त्याला तपासणीसाठी पाठवावे. दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागितले जात असतील, तर पहिल्या बैठकीपूर्वी निदान लिहून मागण्याचा त्यास हक्क आहे, हेही सांगावे.