कुलूप आधी, दार मग!

नवं घर बांधताना पुढचं दार सागवानी, अगदी मनासारखं घडवून घ्यावं, ही पुष्कळजणींची हौस. लाकूड, नक्षी, पॉलिश यांवर आठवडाभर खल होतो. आणि कुलूप? ते शेवटच्या दिवशी कुणीतरी घाईघाईनं आणतं. मैत्रिणींनो, कुलूप आधी घ्या नि सुताराच्या हाती द्या.

कारण असं की, दाराच्या जाडीत बसणाऱ्या मॉर्टिस कुलपाला खोल खाच पाडावी लागते. दार दीड इंचाहून पातळ असलं, तर दोन्ही अंगांना लाकडाचा नुसता पापुद्रा उरतो. शिवाय आडव्या पट्टीचं कुसू उभ्या पट्टीत शिरतं, नेमकी तिथंच खाच आली तर सांधाच कापला जातो. कुलूप समोर असलं की सुतार त्या बेतानं पट्ट्या ठेवतो. पातळ दाराला आतून वरच्यावर बसणारं लॅच बरं.

दार डावं की उजवं, आत उघडतं की बाहेर, हे दुकानात आठवणीनं सांगा. दोन झडपांचं दार असेल तर एका झडपेला वर-खाली भक्कम खिट्ट्या हव्यातच. चौकटीवरच्या पट्टीला आखूड स्क्रू नकोत. कुलूप कितीही महागाचं असो, धक्का बसला की आधी ती पट्टीच उखडते.

कोकणात, समुद्रकाठी राहणाऱ्यांनी लोखंडी कुलूप टाळावं. खाऱ्या हवेत ते गंजतं. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचं घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून दार-चौकटीत थोडी फट ठेवायला सांगा. किल्ली अडू लागली तर खोबरेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. पेन्सिलच्या शिशाची पूड घाला.

आता सर्वांत महत्त्वाचं. लॅच आपोआप लागतं. दूध गॅसवर, बाळ पाळण्यात, आपण क्षणभर बाहेर, आणि वाऱ्यानं दार धाडकन बंद! तेव्हा लॅचची जीभ आत अडकवून ठेवायची सोय पाहूनच घ्या नि एक किल्ली विश्वासाच्या शेजारणीकडे असू द्या. तसंच, आतून दार किल्लीवाचून उघडलंच पाहिजे. आग लागली तर काळोखात आजी किल्ली कुठं शोधणार? हल्ली बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपं मिळतात. त्यांना साध्या किल्लीचीही सोय आहे ना, ते बघा.

आणि एक, बरं का! काम चालू असताना किल्ली सुतार, रंगारी अशा दहा हातांतून फिरते. म्हणून राहायला जाण्यापूर्वी कुलपातलं सिलिंडर तेवढं बदला. दार तेच राहील, झोप मात्र निर्धास्त लागेल.