धाडी मोठ्या, उपचाराचे दार मात्र अरुंद

विशेष प्रतिनिधी, पुणे

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळचा मेफेड्रोन बनविणारा कारखाना मुंबई पोलिसांनी उद्ध्वस्त केला. पाठोपाठ फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीपासून थेट दिल्लीपर्यंत धाडी घालून एक हजार किलोहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. या कारवायांचे स्वागत झाले आणि ते योग्यही होते. मात्र जप्तीचे किलो आणि कोटी मोजताना एक प्रश्न मागे राहतो. हे पदार्थ ज्यांच्यासाठी बनत होते, त्यांच्यापैकी एखाद्याला उद्या सकाळी ‘आता पुरे’ असे वाटले, तर त्याने जायचे कोठे?

चक्र कसे फिरते?

व्यसन हा मनाचा दुबळेपणा आहे, ही समजूत सुशिक्षित घरांतही घट्ट आहे. वैद्यकशास्त्र मात्र त्याला दीर्घकाळ चालणारा, पुन्हा उलटू शकणारा आजार मानते. अमली पदार्थामुळे मेंदूत डोपामाइन या रसायनाचा पूर येतो आणि ‘हे पुन्हा हवे’ असा ठसा उमटतो. वारंवार सेवनाने मेंदू त्याला सरावतो, तेव्हा तेवढ्याच मात्रेने पूर्वीचा आनंद मिळत नाही आणि मात्रा वाढत जाते. पुढे आनंद बाजूला पडतो. न घेतल्यास होणारा त्रास टाळण्यासाठी घेणे सुरू होते.

हा त्रास पदार्थागणिक वेगळा असतो. ब्राउन शुगर म्हणजे गर्द थांबविल्यावर अंगदुखी, उलट्या, जुलाब, निद्रानाश होतो. व्यसनींच्या भाषेत ही ‘टर्की’. मेफेड्रोननंतर शरीरापेक्षा मन खचते. कमालीचा थकवा आणि नैराश्य येते. वर्षानुवर्षांची दारू एकाएकी थांबविल्यास झटके येऊन जीवही जाऊ शकतो. ‘घरात कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

शारीरिक त्रास सहसा काही दिवसांत ओसरतो, ओढ मात्र मागे उरते. जुना मित्र, ठरावीक कोपरा, पगाराचा दिवस, घरातले भांडण यांपैकी काहीही ती जागी करू शकते. मग सेवन, त्यानंतर अपराधीपणा, कुटुंबाला दिलेली शपथ आणि ती मोडल्याची शरम. ही शरम विसरण्यासाठी पुन्हा तोच पदार्थ. चक्र पूर्ण होते.

निर्णयाची खिडकी

या चक्रातही मदत मागण्याची इच्छा वारंवार डोके वर काढते. नोकरी जाते, मित्राचा मृत्यू होतो, मूल प्रश्न विचारते आणि व्यसनी स्वतःहून म्हणतो, ‘मला सोडायचे आहे.’ ‘सोडायचे आहे’ आणि ‘सोडवत नाही’ या दोन्ही भावना त्याच्या मनात एकाच वेळी खऱ्या असतात. त्यामुळे ही खिडकी फार काळ उघडी राहत नाही. त्या दिवशी जवळच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ नसला, केंद्राने पुढच्या महिन्याची तारीख दिली किंवा खर्चाचा आकडा आवाक्याबाहेर निघाला, तर ती बंद होते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ‘त्याला सुधारायचेच नाही’ असे वाटते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच कोणते ना कोणते उपचार मिळतात. बेकायदा अमली पदार्थांच्या बाबतीत रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेता आलेल्यांचे प्रमाण सुमारे २० जणांमागे एक एवढेच आहे.

कायद्यातील अपरिचित वाट

उपचारांपासून दूर ठेवणारे आणखी एक कारण म्हणजे पोलिसांची भीती. अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार (१९८५) सेवन हादेखील गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम ६४-अ मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेल्या व्यसनीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास त्याच्यावर खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेतली जाऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही व्यसनाशी निगडित विकारांना मानसिक आजारांत स्थान दिले आहे. साहजिकच मारहाण, साखळदंड, कोंडून ठेवणे हे ‘उपचार’ बेकायदा ठरतात. नातेवाइकांनी केंद्राची नोंदणी तपासूनच रुग्णाला दाखल करावे.

घसरण म्हणजे शेवट नव्हे

१९८०च्या दशकात गर्दने मुंबई-पुण्यातील तरुणांना ग्रासले होते. त्या वेळी डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनी हा रुग्ण आहे, त्याला प्रेमाने वागविले पाहिजे आणि कुटुंबालाही उपचारांत सामील करून घेतले पाहिजे, ही दृष्टी महाराष्ट्राला तेथून मिळाली. उपचारांनंतर घसरण होणे मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णाचे पथ्य मोडण्यासारखेच आहे. पुन्हा उपचार घेणे हाच त्यावरचा मार्ग. गर्दच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. काही काळ दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि जुनी मात्रा प्राणघातक ठरू शकते.

कुटुंबाने कर्जे फेडत राहणे आणि कार्यालयात खोटी कारणे देत राहणे चक्राला बळच देते. त्याऐवजी तो शुद्धीत असताना शांतपणे बोलावे, उपचारांचा पत्ता आधीच शोधून ठेवावा आणि होकार येताच त्याच दिवशी सोबत जावे. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही ‘टेलि-मानस’ सेवा विनाशुल्क आहे. सरकारचे काम मात्र हेल्पलाइनवर संपत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आलेल्या रुग्णाला त्याच दिवशी तपासण्याची सोय झाली, तरच धाडींच्या यशाला अर्थ येईल. एक कारखाना बंद झाला की दुसरा उभा राहतो. मागणी घटते ती उपचारांनीच.