पढवून नेऊ नका

आपल्याकडे मुलाला कुठेही न्यायचं म्हटलं की आधी त्याची तयारी करून घेतात, मग ती ज्युनिअर केजीची मुलाखत असो की लग्नघरातली नातेवाईक मंडळी. माझ्या बहिणीने मुलाला ऑटिझमच्या तपासणीला नेलं, तेव्हाही आदल्या रात्री त्याच्याकडून रंगांची नावं घोटून घेतली होती. वय साडेतीन. हाक मारली तर वळून बघायचा नाही, पण कुकरच्या शिट्ट्या बिनचूक मोजायचा. विकासविषयक बालरोगतज्ज्ञांच्या खोलीत तो कपाटाचं दार उघडझाप करत बसला आणि बहिणीचं मागून सुरू, "दाखव ना मॅडमना, लाल कुठलाय?" डॉक्टरांनी तिला हसून थांबवलं. त्यांना रंग नकोच होते. एखादी गंमत दिसली की तो आईकडे बघतो का, हवं ते बोटाने दाखवतो का, रिकाम्या कपातून खोटाखोटा चहा पितो का, हे त्या पाहत होत्या.

ऑटिझम आहे की नाही हे सांगणारी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयमध्येही तो दिसत नाही. श्रवणचाचणी मात्र करून घेतात, कारण हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला ऐकू येतंय ना, याची खात्री हवी. बाकी सगळी भिस्त निरीक्षणावर आणि घरच्यांच्या सांगण्यावर. एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची यादी 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी असते, पण ती नुसती चाळणी. तिच्यात मूल अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे 'आयसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती 2009 मध्ये तयार केली. तिच्यात 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, 106 पर्यंत सौम्य, 153 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. हे कळलं की आईबाप नकळत गुण कमी करायला लागतात. "कधीकधी बघतो की डोळ्यात!" माझे मेहुणे तर म्हणाले, "मीही चौथ्या वर्षीच बोललो." खरी साक्ष दिली ती आजींनी. "गाडी दिली की उलटी करतो आणि चाकंच फिरवत बसतो. आणि मिक्सर लावला की कानांवर हात." त्यांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यांनी काही झाकलं नाही. शक्य असेल तर आजीला बरोबर न्या. नसेल तर घरातले साधे व्हिडिओ न्या: जेवतानाचे, इतर मुलांबरोबरचे, हट्टाचेही. वाढदिवसाचे नकोत.

प्रमाणपत्राला शिक्का म्हणून नाक मुरडणारे घरोघरी भेटतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड, बोर्डाच्या परीक्षेतला वाढीव वेळ, नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेतला 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा, हे सगळं कागदाशिवाय मिळत नाही. पण स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी सुरू करायला या कागदाची वाट बघायची गरज नसते, आणि नेमके तेच महिने आपण 'आधी नक्की तर होऊ दे' म्हणत घालवतो.

माझं मत विचाराल तर नुसता आकडा लिहिलेला अहवाल घेऊन घरी येऊ नये. मुलाला काय जमतं, काय जमत नाही, घरी काय करायचं, पुन्हा कधी दाखवायचं, हे लिहून मागावं. डॉक्टर घाईत असले तरी मागावं. आणि अपॉइंटमेंट दुपारच्या झोपेच्या वेळची घेऊ नये. झोपमोड झालेलं पोर, ऑटिझम असो वा नसो, कुणाच्याच डोळ्यात बघत नाही.